जिवंत माल

गाडी चालवताना मंगळू भांगरे गाणी लावत नसे. टेपची वायर त्यानेच एकदा उपटून टाकली होती. घोटीच्या टपरीवरचे बाकीचे ड्रायव्हर यावरून त्याला चिडवत आणि तो नुसता हसून चहा संपवे. कारण सांगितलं असतं तर ते आणखीच हसले असते. त्याला पाठीमागचं ऐकायचं असे.

त्याच्या टेम्पोत दोन मोठ्या टाक्या बसवलेल्या होत्या आणि त्यांत धरणातली चिलापी भरलेली असे, जिवंत. गाडी हलली की मासे टाकीच्या भिंतींवर आदळत, शेपट्या मारत. केबिनच्या मागच्या पत्र्यातून ती धडधड मंगळूच्या पाठीला जाणवे. वाडीवऱ्हे मागे पडलं की ती उतरत जाई, आणि पाथर्डी फाट्याला पोचेपर्यंत मधूनच एखादा ठोका, मग थोडं थांबून दुसरा, असं चाले. असं चाललं म्हणजे ठीक. पण कधीकधी टाकी एकदम गप्प होई. गाडी बाजूला घेऊन झाकण उचलायचं म्हटलं तरी त्याचा हात पुढे होत नसे.

धरणाच्या वरच्या अंगाला त्याचं गाव. पाठीशी डोंगर, पुढे भाताची चार खाचरं. तरुणपणी घोटीच्या भातगिरण्यांवर त्याने पोती वाहिली, मग क्लीनर म्हणून फिरला, मग स्टिअरिंग हातात आलं. पुढची बरीच वर्षं त्याने तांदूळच वाहिला. तांदळाच्या पोत्याचं एक बरं असतं, वाटेत उशीर झाला तरी पोतं काही म्हणत नाही. मग नाशिकच्या शेखरने धरणात पिंजरे टाकले. पाण्यावर तरंगते चौकोनी सांगाडे, खाली सोडलेली जाळी आणि जाळीत वाढणारे मासे. मंगळूची बायको चिमणाबाई तिथे मासे निवडायच्या कामाला लागली आणि शेखरला ड्रायव्हर हवाय हे घरी तिनेच सांगितलं. टेम्पोच्या दोन्ही बाजूंवर शेखरने मोठ्या लाल अक्षरांत लिहून घेतलं होतं, 'धरणातील जिवंत मासे'.

माल मुख्यतः नाशिक रोडला बंटीच्या दुकानात जाई. बंटीने काचेचे हौद ठेवले होते. नोटांच्या प्रेसमधून सुटलेले लोक, कॉलन्यांतल्या बायका, सगळे काचेपुढे उभं राहून बोट दाखवत, "तो द्या, तो मोठा." पोहता मासा डोळ्यांदेखत बाहेर निघतो, कापला जातो, याचंच गिऱ्हाइकाला अप्रूप होतं.

त्याच वर्षी शेखरने आरोहीला कामावर घेतलं. ती रत्नागिरीला मत्स्यशास्त्र शिकून आली होती. आल्या आल्या तिने एक पिंजरा मोकळा करून घेतला आणि सांगितलं, बाजारात जायचा मासा आधी इथे आणून ठेवायचा, आणि त्याला खायला द्यायचं नाही.

मंगळूला हसू आलं. "माशाला उपास? कोणता वार धरायचा, ताई?"

"पोट भरलेला मासा टाकीत हगतो, मामा," आरोही सरळ म्हणाली. "ते पाणी विषासारखं होतं आणि तेच पाणी त्याला कल्ल्यांतून घ्यावं लागतं. तुम्ही घोटीपासून नाशिकपर्यंत त्याला त्याच्याच घाणीत कोंडून नेता."

हसू ओसरलं, पण पटलं असंही नाही. मग एका सकाळी तिने काठावर दोघा नवराबायकोला बोलावलं. उपाशी पिंजऱ्यातला एक मासा तिने हलक्या हाताने काढला आणि डोक्यात एकच टोला घालून मारला. दुसरा तिने घमेल्यात सोडला आणि चिमणाबाईला त्याच्यामागे हात फिरवत राहायला सांगितलं. मासा घमेल्यात गरगर फिरला, उसळला, धडपडला. शेवटी त्याच्यात पळायची ताकद उरली नाही, तेव्हा त्यालाही तिने तसाच मारला. दोन्ही मासे सावलीत शेजारी ठेवले. चहा पिऊन परत आले तर दमवलेला मासा लाकडासारखा ताठ झाला होता. पहिला अजून मऊ, जिवंत असल्यासारखाच लवचिक. दिवस कलला तेव्हा पहिला घट्ट होता. दमवलेल्यावर बोट दाबलं तर खड्डा पडला, तो पडलाच. कापला तर मांसाच्या पाकळ्या आपोआप सुटत होत्या आणि फळीवर पाणी पाझरत होतं.

"एकाच पाण्यातले, एकच खाद्य खाल्लेले," आरोही म्हणाली. "फरक फक्त शेवटच्या घटकेचा. मासा घाबरला, दमला, की त्याच्या अंगात आंबट चढतं. मरताना तो ज्या हालात असतो ते मांसात उतरतं."

चिमणाबाईने आपला हात पदराला पुसला. बराच वेळ पुसत राहिली.

तेव्हापासून मंगळू तिच्या सांगण्याप्रमाणे वागू लागला. टाकीत कमी मासे, पाण्यात थोडं मीठ, बर्फ झालेल्या पाण्याच्या बंद बाटल्या, ऑक्सिजनच्या सिलेंडरचा काटा मध्यावर. दुकानात पोचल्यावर हौदातलं पाणी टाकीत थोडं थोडं मिसळायचं, मग मासा सोडायचा, आणि सोडल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत विकायचा नाही. बंटी आधी कुरकुरला. मग गिऱ्हाईक लांबून लांबून येऊ लागलं तसा गप्प बसला. तो हिवाळा चांगला गेला.

उन्हाळा लागला आणि शेखरने आरोहीला निरोप दिला. भांडण नाही, तंटा नाही. "आता आपल्याला सगळं कळलंय," एवढंच तो म्हणाला. ती जाताना मंगळूला आपला नंबर देऊन गेली आणि म्हणाली, "धरणाचं पाणी उतरेल तसं जपा, मामा. या उन्हाळ्याची मला धास्ती वाटते."

तिची गाडी वळणाआड गेली. त्याच दिवशी उपाशी पिंजऱ्यात नवं बी, म्हणजे माशांची पिल्लं, सोडलं गेलं. रिकामा पिंजरा ठेवणं शेखरला मुळीच परवडत नव्हतं. मासे निघायच्या सकाळपर्यंत खाद्य टाकलं जाऊ लागलं, कारण भरल्या पोटाचा मासा वजनाला जास्त भरतो. नाशकातच द्वारकेला एक नवा व्यापारी मिळाला होता, त्याचाही माल त्याच दोन टाक्यांत जाऊ लागला. बर्फाच्या बाटल्यांनी जागा अडते म्हणून त्या काढल्या. प्रत्येक गोष्ट शेखर अगदी शांतपणे, समजावून सांगे, आणि एकेकटी ऐकली तर प्रत्येक गोष्ट ठीकच वाटे.

मग खुणा दिसू लागल्या. द्वारकेच्या चौकात सिग्नलला थांबलं की टाकीच्या झाकणाखालून पांढरट फेस बाहेर ओघळे. झाकण उघडलं की डोळ्यांना झोंबणारा वास. मासे काळवंडलेले, शेपट्यांच्या कडा फाटलेल्या, पोटावर सुईने टोचल्यासारखे लाल ठिपके. बंटीच्या हौदात सोडले की ते पोहत नसत. सगळे एका कोपऱ्यात तोंडं खुपसून उभे राहत आणि काचेवर टिचकी मारली तरी वळत नसत.

"मामा, हे बघवत नाही," एकदा बंटी म्हणाला. "कालच कॉलनीतल्या आजी मासा परत घेऊन आल्या. जिवंत बघून घेतलेला. म्हणाल्या, याला कढईत टाकला तर याचं पीठ झालं. मी काय सांगू त्यांना?"

मंगळूने शेखरला सांगितलं. शेखरने ऐकून घेतलं, मान हलवली. "बंटीच्या हौदाचं पाणी खराब असेल. तू काळजी करू नकोस." त्याच्या आवाजात राग असता तर मंगळूला बरं वाटलं असतं.

इकडे धरण रोज खाली सरकत होतं. जिथे होडी लागायची तिथे चिखलाला भेगा पडल्या. पाणी हिरवं झालं, मग गर्द हिरवं. चिमणाबाई संध्याकाळी घरी आली की सांगे, आज मासे वर येऊन तोंडं उघडत होते.

ज्या दिवशी ते घडलं त्या दिवशी माल भरायला शेखर स्वतः काठावर आला होता. द्वारकेच्या व्यापाऱ्याला मोठी ऑर्डर होती. जाळी वर ओढली, टोपल्यांनी मासे टाकीत ओतले. आणखी ओतले. पाण्यापेक्षा पाठीच जास्त दिसू लागल्या तेव्हा चिमणाबाई पुढे झाली.

"पोटं टम्म हायेत यांची. पानी आत्ताच गढूळ झालंया. शेठ, निम्मं उद्या न्या."

"तासाभराचा तर रस्ता आहे, चिमणाबाई," शेखर म्हणाला आणि झाकणं लावली.

वाडीवऱ्ह्यापर्यंत धडधड नेहमीपेक्षा जोरात होती. पत्रा हादरत होता. पुढे वळणावरून खाली बघितलं आणि मंगळूने करकचून ब्रेक दाबला. विल्होळीच्या अलीकडे कंटेनर आडवा झाला होता. गाड्यांची रांग डोंगराच्या कडेकडेने पार दिसेनाशी झाली होती. इंजिनं बंद करून लोक खाली उतरले होते, कुणी झाडाच्या मुळाशी बसलं होतं, कुणी टरबूज कापत होतं. ऊन डोक्यावर होतं.

त्याने फोन लावला. "शेठ, रस्ता बंद हाय. माघारी फिरायलाबी जागा नाय, मधी दुभाजक."

"थांब तिथेच. सुटेल आत्ता."

मंगळूने सिलेंडरचा काटा वाढवला. टाकीत बुडबुड्यांचा खळखळाट झाला, फेस चढून टेम्पोच्या हौद्यात सांडला. गाड्या तसूभरही हलल्या नाहीत. त्याने पुन्हा फोन केला, पुन्हा तेच उत्तर. सिलेंडर उतरत चालला. टाकीतली धडधड आधी वाढली, मग तुटक झाली. शेजारच्या ट्रकवाल्याने विचारलं, "काय भरलंय रे? आतून कुणीतरी ठोठावतंय."

"मासे."

"जिवंत?"

मंगळू टाकीकडे वळला. त्याच क्षणी आवाज थांबला होता.

या वेळी त्याने झाकण उचललं. पाणी कोमट, चहासारखं तांबूस. सगळ्या टाकीभर तोंडंच तोंडं, पाण्याच्या वर आलेली, गोल उघडी, आवाज न करता मिटत-उघडत असलेली. त्याने हात घातला तर मासा निसटला नाही. हातात तसाच पडून राहिला.

पुढे डाव्या अंगाला शेतात उतरणारी कच्ची वाट होती. पुढच्या दोन गाडीवाल्यांच्या हातापाया पडून त्याने त्यांना सरकायला लावलं आणि टेम्पो त्या वाटेला घातला. कुठे जायचं हे त्याला माहीत नव्हतं. पाणी शोधायचं एवढंच डोक्यात होतं. टोमॅटोच्या मळ्यापलीकडे मातीचा उंच बांध दिसला. शेततळं! तो गाडीतून उडी मारून खाली उतरला आणि घराच्या दिशेने हाका मारत धावला.

शेततळं रंगनाथ नावाच्या शेतकऱ्याचं होतं. तो शांतपणे ऐकत होता, पण मासे तळ्यात सोडायचे म्हटल्यावर त्याने मान हलवली. "पाव्हणं, या पाण्यावर सगळा मळा हाय. टँकरबी मिळत नाय इकडं. घाण झाली तर मी कुठं जाऊ?"

"दादा, दोन दिसांत सगळे पकडून नेतो. माझ्या शब्दावर. नायतर आत्ता माझ्या डोळ्यापुढं मरतील."

रंगनाथची बायको कुसाबाई ओट्यावरून उतरून टाकीत डोकावून आली होती. तिचा चेहरा पडला होता. "सोडू द्या त्याला," ती म्हणाली. "ती तोंडं बघून या एकदा, मग नाय म्हना."

आरोहीने सांगितल्याप्रमाणे पाणी हळूहळू मिसळायला हवं होतं. टेम्पो बांधावर चढवून मंगळूने चारपाच बादल्या मिसळल्या आणि त्याला राहवलं नाही. त्याने टाकीचा मोठा बोळा काढला आणि पाइप तळ्यात सोडला. मासे घसरत पाण्यात पडू लागले. काही उलटे तरंगले, मग कूस बदलून खाली गेले. थोड्या वेळाने तळ्यावर नुसतं पाणी उरलं, त्यावर वाऱ्याच्या बारीक लाटा. मधूनच एखादी काळी पाठ वर येऊन जात होती.

मंगळू बांधावर बसला आणि लहान पोरासारखा रडला. कुसाबाईने त्याला पाणी आणून दिलं. "वाचले की," ती म्हणाली.

त्याने शेखरला फोन केला, शिव्या खायच्या तयारीने. पण शेखर म्हणाला, "बरं केलंस. डोकं चालवलंस. तळं कुठं आहे ते नीट सांग." तो इतकं गोड बोलला की मंगळूला ते खटकलं.

दुसऱ्या सकाळी तो जाळं घेऊन आला तेव्हा रंगनाथ बांधावरच उभा होता. त्याने बोट दाखवलं. वारा ज्या कोपऱ्याकडे वाहत होता तिथे पांढरी पोटं जमली होती.

मंगळूने आरोहीला फोन लावला. "ताई, काल चांगले पोहत होते. मी माझ्या डोळ्यांनी बघितले."

"पोहत होते म्हणजे वाचले असं नसतं, मामा. ताण लगेच मारत नाही. कल्ले भाजलेले असतात, खवले गेलेले असतात, अंगातलं मीठ सुटलेलं असतं. मासा पाण्यात जातो, बरा दिसतो, आणि मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मरायला लागतो. अजून मरतील. जाळं टाकून पकडायला जाऊ नका, जे जगायचेत तेही जातील."

"मग मी काय केलं, ताई? त्यांना सोडलं का मारलं?"

"तुम्ही नसतं सोडलं तर सगळेच मेले असते," ती म्हणाली. पण मंगळूसमोर रंगनाथ उभा होता, आणि रंगनाथच्या तळ्यावर माश्या घोंगावत होत्या.

ती म्हणाली तसंच झालं. त्या दिवशी आणखी, तिसऱ्या दिवशी त्याहून जास्त. पाण्याला तवंग आला. ठिबकच्या फिल्टरमध्ये खवले अडकून नळ्या तुंबल्या आणि मळ्याच्या खालच्या अंगाचे टोमॅटो माना टाकू लागले. रंगनाथ भांडला नाही. तो सकाळी बांधावर यायचा, तळ्याकडे बघायचा आणि फिल्टर धुवायला बसायचा. मंगळू गावातून एसटीने येऊन दिवसभर टोपलीने मेलेले मासे काढी. बांधापलीकडे त्याने खड्डा खणला होता आणि चुन्याची पोती आणून ठेवली होती.

तिथेच शेखर आला, बर्फाच्या पेट्या भरलेली छोटी गाडी घेऊन. त्याने टोपलीतला एक मासा उचलला, कल्ला उचकटून आतला रंग बघितला.

"हे लाल आहेत अजून. हे वेगळे काढ. बर्फात घालून द्वारकेला देऊ."

"शेठ, हे मेलेत."

"बर्फातला प्रत्येक मासा मेलेलाच असतो, मंगळू."

"पर हे कशानं मेलेत ते आपल्याला ठावं हाय. बोट घालून बघा, आत नुसती पेज झालीया. कुनाच्या घरात पोरंबाळं खातील."

"बर्फातला मासा कसा मेला हे कधी कोणी विचारलंय?" शेखर अजूनही शांतच होता. "भर."

मंगळूने टोपली उचलली. शेखर गाडीचं मागचं दार उघडू लागला. मंगळू त्याच्या बाजूने वळून खड्ड्याकडे गेला आणि टोपली त्यात रिकामी केली. वरून चुना टाकला. मग दुसरी टोपली. रंगनाथने फिल्टर खाली ठेवला, फावडं घेतलं आणि तोही माती लोटू लागला. शेखरने हात पुढे करून टेम्पोची चावी मागितली. मंगळूने खिशातून काढून दिली.

टेम्पोवर सहादू नावाचा नवा ड्रायव्हर आला. मंगळू पुन्हा घोटीच्या गिरणीवर तांदूळ वाहू लागला. चिमणाबाईला मात्र शेखरने काढलं नाही. निवडीला तिच्यासारखा हात त्याला दुसरा मिळाला नसता, आणि तिला घरी बसून चालणारं नव्हतं. एकदा टपरीवर मंगळूने सहादूला गाठलं आणि पाण्याचा, फेसाचा, काट्याचा विषय काढला. सहादूने ऐकलं आणि म्हणाला, "मामा, मी ड्रायव्हर हाय. मागं काय भरलंय त्याच्याशी मला काय?" त्याच्या टाक्यांखालून रस्त्यावर फेसाची रेघ उमटली होती. बंटीने तोवर शेखरचा माल घेणं बंद केलं होतं.

ढग दाटून आले, पण पाऊस नाही, वाराही नाही, असे दिवस लागले. अशाच एका सकाळी चिमणाबाईचा फोन आला. "तुमी या," ती म्हणाली. "सगळं पानी तोंड उघडून हाय."

मंगळू पोचला तेव्हा काठावर गाव जमलं होतं. पिंजरे खाली सरकत सरकत उथळ पाण्यात येऊन टेकले होते, तळाशी चिखल, वर हिरवी साय. प्रत्येक पिंजऱ्यात मासे पृष्ठभागाला चिकटून उभे होते, आणि तो चुटचुट आवाज काठापर्यंत ऐकू येत होता. शेखर फळ्यांच्या वाटेवर उभा होता. पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला होता.

"सहादू, टाक्या भर! दुसऱ्या गाड्या बोलाव. जेवढे निघतील तेवढे द्वारकेला पोचव!" मंगळू दिसताच तो त्याच्याकडे वळला. "तूही ये. तुला रस्ता माहीत आहे. तू नेशील."

मंगळूने पाण्याकडे बघितलं. "शेठ, हे रस्त्यात टिकायचे नायत. जाळी उचलली की इथंच सरतील."

"मग काय बघत बसू?"

मंगळूने आरोहीला फोन लावला आणि फोन सगळ्यांना ऐकू येईल असा शेखरपुढे धरला. आरोहीने दोनच प्रश्न विचारले, पाणी किती खोल आहे आणि खाद्य कधी टाकलं. मग म्हणाली, "एकाही माशाला हात लावू नका. आज त्यांच्यात पळायची ताकद नाही. खाद्य बंद. पिंजरे जसेच्या तसे हळू ओढून खोल पाण्यात न्या. गावात इंजिन-पंप असतील ते काठावर लावा, पाणी उचलून पिंजऱ्यांवर उडवत राहा. आणि सर, कृपा करून आज माल पाठवू नका."

शेखरने टेम्पोकडे बघितलं, पिंजऱ्यांकडे बघितलं आणि तो खाली फळीवर बसला.

वेळ जाईल म्हणून मंगळूने परवानगीची वाट बघितली नाही. खाचरांवरचे पंप आले, होड्या आल्या. सहादूनेही टाकीचं झाकण आपटून बंद केलं आणि दोर हातात घेतला. पिंजरा जरा जोरात ओढला की आतले मासे घाबरून उसळत, आणि उसळलेले पुन्हा वर येत नसत. म्हणून दोर हाताने, श्वास धरून ओढायचा. दिवसभर ते सगळे गुडघाभर चिखलात, मग छातीभर पाण्यात चालत राहिले. काठाकडच्या पिंजऱ्यांतलं काहीच वाचलं नाही. ते पिंजरे दुपारपर्यंत पांढरे झाले. जे खोल पाण्यात पोचले त्यांतल्या माशांनी संध्याकाळी डोकी खाली घातली. चिमणाबाई एका पिंजऱ्याच्या कडेला बसून पाण्यात बघत होती. "गेले खाली," ती म्हणाली, पण तिच्या आवाजात सुटल्याचा सूर नव्हता. रंगनाथच्या तळ्यातलेही आधी असेच खाली गेले होते, हे तिला आणि मंगळूला ठाऊक होतं.

पुढचे काही दिवस ते रोज मेलेले वेचत राहिले. संख्या घटत गेली, मग थांबली. शेखरने धंदा सोडला नाही, पण काठावर येणं सोडलं. काम कसं करायचं ते आरोही फोनवर सांगे आणि गिरणी सोडून परत आलेला मंगळू करे. एक पिंजरा पुन्हा रिकामा ठेवला गेला. रंगनाथचं तळं उपसून सगळं पाणी पडीक जमिनीत सोडलं होतं. तळं पुन्हा भरायला आता पावसाशिवाय इलाज नव्हता, आणि तोवर निम्मा मळा जळाला होता. मंगळू अधूनमधून तिकडे जाऊन मळ्यात पडेल ते काम करून येई. रंगनाथ चहा देई. मात्र तळ्याकडे दोघेही जात नसत.

एका दुपारी बंटीचा फोन आला. "मामा, ऐकलं तुमचे मासे सावरले. हौद धुऊन ठेवलेत. माल कधी पाठवता?"

मंगळू फळ्यांच्या वाटेवर उभा होता. पाणी अजून हिरवंच होतं आणि आभाळ तसंच खाली आलेलं.

"इतक्यात नाय," तो म्हणाला. "त्यास्नी जरा पडू दे निवांत."

"मग मला दुसरीकडून घ्यावा लागेल."

"घे," मंगळू म्हणाला. "पर घेताना झाकन उघडून बघ."